फोन लागेना, तर दार कोणाचं वाजवायचं?

प्रश्न : मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि तेरा वर्षांचा मुलगा. नवरा सातपूरला कंपनीत आहे, दर तिसऱ्या आठवड्याला त्याची रात्रपाळी असते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका रात्री दोनच्या सुमारास सासऱ्यांना दरदरून घाम फुटला. बोलताना जीभ अडखळायला लागली, हाक मारली तर नुसतं बघत राहिले. त्यांना शुगर आहे, बीपीही आहे. बाहेर धो धो पाऊस, लाइट संध्याकाळीच गेलेले. १०८ लावत राहिले, फोन लागेचना. नवऱ्याचाही लागेना. शेवटी मुलगा खाली धावला. वॉचमन म्हणाला, मागच्या इमारतीत एक रिक्षावाले राहतात. त्यांनीच आम्हाला दवाखान्यात नेलं. शुगर फार उतरली होती, पण वेळेत पोचलो. नऊ वर्षं इथे राहते, मागच्या इमारतीत रिक्षा आहे हे मला माहीत नव्हतं. तेव्हापासून पाऊस लागला की माझी झोप उडते. काही तयारी करून ठेवू म्हटलं, तर जुन्या नाशकात वाढलेल्या माझ्या सासूबाई म्हणतात, घरात असं अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. नवरा म्हणतो, एकदा झालं म्हणून रोज होतं का? त्यात माझी आई सायखेड्याला एकटी असते. गोदावरीला पूर आला की आधी तिचाच फोन बंद पडतो. मी नक्की काय करू?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर :

ताई, तुमची झोप उडणं साहजिक आहे. त्या रात्री तुम्ही काही चुकलात म्हणून ती उडत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पहिलं पाऊल कुठे टाकायचं हे अजून ठरलेलं नाही, म्हणून उडते. ते ठरवता येतं. तुमच्याच पत्रात बघा, फोन बंद होता तरी मदत शेदोनशे पावलांवर होती. मुलाने ती पावसात, अंधारात, नशिबाने शोधली. ती उजेडात शोधून ठेवायची, एवढंच काम आहे.

सुरुवात सासऱ्यांच्या उशापासून करू, कारण अँब्युलन्स लागो न लागो, पहिली दहा मिनिटं घरच्यांच्याच हातात असतात. शुगर उतरली की घाम येतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं, माणूस भांबावतो. पक्षाघातातही जीभ अडखळते. रात्री दोन वाजता हा फरक ओळखणं कुणालाही सोपं नाही. म्हणून घरात शुगर मोजायचं यंत्र हवं, पट्ट्यांची मुदत तपासलेली हवी आणि ते तुम्हाला, सासूबाईंना आणि मुलाला, तिघांनाही वापरता यायला हवं. आकडा ७० च्या खाली असेल आणि ते शुद्धीवर असतील, नीट गिळत असतील, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून कमी असेल तर पुन्हा तेच. वर आली की पोळी, बिस्किटं, दूध असं काही पोटात जाऊ द्या. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही. कुशीवर वळवायचं आणि उचलून निघायचं. साखर देऊन ते हुशार झाले तरी डॉक्टरांना दाखवायचंच, कारण शुगरच्या काही गोळ्यांचा अंमल बराच वेळ राहतो आणि ती पुन्हा उतरू शकते.

शुगर ठीक आहे, पण तोंड एका बाजूला वाकडं झालंय, एक हात उचलत नाही, बोलणं बोबडं झालंय, तर तो पक्षाघात समजा. घड्याळ बघा आणि शेवटचे धडधाकट कधी दिसले ती वेळ कागदावर लिहा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि दवाखान्यात पोचल्यावर पहिला प्रश्न त्या वेळेचाच असतो. छातीत दुखू लागलं तर कोणती गोळी चावायला द्यायची, द्यायची की नाही, हे सासऱ्यांच्या डॉक्टरांना आजच विचारून लिहून घ्या. त्यांची बाकीची औषधं बघूनच ते सांगू शकतील. आणि घरातल्या निदान दोघांनी छाती दाबायचं प्रशिक्षण घ्या. माणूस हाकेला ओ देत नाही, श्वास नीट चालत नाही, तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, दोन इंच खोल दाबत राहायचं. हे वाचून येत नाही, पुतळ्यावर करून पाहिलं की हाताला कळतं. बरीच रुग्णालयं आणि संस्था अशी शिबिरं घेतात, सोसायटीत मागणी केली तर येऊनही शिकवतात.

आता फोन. तो का लागला नाही, याचा माझा अंदाज असा. लाइट संध्याकाळी गेले होते. मोबाइलचा टॉवरही विजेवरच चालतो. वीज गेली की बॅटरी काही तास ओढते, मग डिझेलचं जनित्र. तेही थांबलं की टॉवर बंद. म्हणजे मध्यरात्री फोन मुका होणं ही त्या रात्रीपुरती गोष्ट नाही, जोराच्या पावसात ते कधीही होऊ शकतं. तुमच्या नवऱ्याला हे एवढं जरूर सांगा.

तरीही हार मानण्याआधी चार गोष्टी करून बघायच्या. ११२ लावा. पोलीस, अग्निशमन, वैद्यकीय मदत, तिन्हींसाठी तो एकच क्रमांक आहे. तुमच्या कंपनीचा टॉवर बंद असला तरी आपत्कालीन कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून जाऊ शकतो, स्क्रीनवर ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ दिसतं ते याचसाठी. खिडकीत, गच्चीच्या जिन्यात, रस्त्याच्या बाजूला जाऊन लावा. ‘एअरप्लेन मोड’ एकदा चालू करून बंद केला की फोन नव्याने टॉवर शोधतो. आणि बोलणं होत नसेल तर मेसेज टाका. साध्या एसएमएसला फार थोडी रेंज पुरते, वाट मिळेपर्यंत तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. घरातल्या एका फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं स्वस्तातलं सिम असू द्या. घरचं वायफाय बहुधा लाइटबरोबरच जातं. राउटर इन्व्हर्टरवर घेतलात आणि फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू ठेवलंत, तर टॉवर नसतानाही बोलता येण्याची शक्यता राहते. मुलाला हेही दाखवून ठेवा की स्मार्टफोनचं पॉवर बटण झटपट तीनदा दाबलं की आपत्कालीन कॉल जावा अशी सोय आपल्याकडच्या नव्या फोनमध्ये २०१७ पासून सक्तीची आहे. सासूबाईंच्या बटणांच्या फोनमध्ये तीच सोय ५ किंवा ९ चं बटण दाबून धरल्यावर मिळते. तुमच्या फोनमध्ये ती कशी चालते ते सेटिंगमध्ये बघून घ्या, उगाच कॉल लावून तपासू नका. तुमचा गमतीचा कॉल चालू असताना दुसऱ्या कुणाच्या घरी खरी घाई असू शकते.

फोन लागला तर काय बोलायचं, हे फार कुणी ठरवून ठेवत नाही. राज्यभरातले १०८ चे कॉल पुण्यातल्या केंद्रात जातात. तिथे बसलेल्या माणसाला आपलं ‘कॅनडा कॉर्नर’ किंवा ‘द्वारका’ माहीत असेलच असं नाही. ‘गंगापूर रोड’ म्हटलं तर त्याच्या मनात संभाजीनगर जिल्ह्यातलं गंगापूर येऊ शकतं. ‘शिवाजीनगर’ तर गावोगाव आहे. म्हणून पहिलं वाक्य ‘नाशिक शहर, इंदिरानगर’, मग हायवेखालच्या बोगद्याकडून येताना कोणतं वळण, कोणती खूण, इमारतीचं नाव, कितवा मजला, लिफ्ट चालू की बंद. मग रुग्णाचं वय आणि एका वाक्यात त्रास. रेंज येत-जात असेल तर पहिल्या वीस सेकंदांत पत्ता सांगून झाला पाहिजे, बाकीचं नंतर. कॉल तुटला तर लगेच नातेवाइकांना फोन लावत बसू नका, तिकडून उलट फोन येऊ शकतो.

हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. त्या कागदावर सासऱ्यांची औषधं, डोस, ॲलर्जी, रक्तगट, डॉक्टरांचं नाव. नवऱ्याच्या कंपनीच्या गेटवरचा लँडलाइन नंबर, कारण रात्रपाळीला मोबाइल बऱ्याच ठिकाणी लॉकरमध्ये राहतो, गेटवरचा सिक्युरिटीवाला मात्र आत निरोप पोचवू शकतो. जवळच्या दोन दवाखान्यांचे थेट नंबर. नंबर फोनमध्ये सेव्ह आहेत असं म्हणू नका. बॅटरी संपली की त्यांचा उपयोग नाही, आणि तुमचा फोन लॉक असेल तर मुलाला ते दिसणारही नाहीत.

आणि आता मुख्य काम, शेजारचं. मला यात सगळ्यात जास्त वेळ घालवावासा वाटतो, कारण शहरात आपण इथेच कमी पडतो. एका रविवारी सकाळी मुलाला बरोबर घ्या आणि तुमची इमारत, मागची इमारत, समोरची गल्ली फिरा. रिक्षावाले दादा तर आता ओळखीचे झालेच आहेत. त्यांना स्पष्ट विचारा, ‘रात्री-अपरात्री दार वाजवलं तर चालेल ना? तुम्ही नसलात तर कुणाकडे जाऊ?’ या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फार मोलाचं असतं. कोणाकडे चारचाकी आहे आणि ती रात्री कुठे उभी असते, कोण नर्स आहे, कोणाचा मुलगा वैद्यकीय शिकतोय, कोण पोलिसात आहे, पहाटे दुधाचा टेम्पो किती वाजता येतो, कोणत्या मंडळाची किंवा ट्रस्टची अँब्युलन्स जवळ उभी असते, हे सगळं वॉचमन, इस्त्रीवाले, किराणा दुकानदार यांना माहीत असतं. त्यांच्याशी दोन मिनिटं उभं राहून बोला. दारं तीन ठरवा, एकावर विसंबू नका. कोजागिरीला किंवा गणपतीत सोसायटी जमते तेव्हा हाच विषय काढा. तुमच्यासारखी काळजी मनात घेऊन झोपणारी आणखी चार घरं त्याच इमारतीत निघतील, आणि त्यांच्या यादीत तुमचंही दार असेल.

कुणी कचरलं, पोलिसांची किंवा दवाखान्याची भानगड नको म्हणालं, तर त्यांना सांगा की अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीत तसं कलमच घातलं आहे. सरकारी असो वा खासगी, डॉक्टरने जीव वाचवायचे तातडीचे उपचार आधी केलेच पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलेलं आहे.

अँब्युलन्सची वाट बघायची नाही असं ठरलं, तर कुठे जायचं तेही आत्ताच ठरवा. त्र्यंबक रोडवरचं जिल्हा शासकीय रुग्णालय रात्रंदिवस उघडं असतं. पण तुमच्या जवळच्या कोणत्या दवाखान्यात रात्री डॉक्टर हजर असतो, सीटी स्कॅन रात्री होतो का, हे जाऊन विचारून या. पाटीवर ‘२४ तास’ लिहिलेलं असणं आणि रात्री दोनला तिथे फिजिशियन असणं यात फरक पडतो. पाणी तुंबलं की बोगदा टाळून कोणत्या रस्त्याने जायचं हे रिक्षावाल्या दादांना विचारा, तुमच्याआमच्यापेक्षा त्यांना नेमकं ठाऊक असतं. आग लागली आणि फोन नसेल, तर कुणीतरी दुचाकीवर निघून जवळच्या अग्निशमन केंद्रात सांगायला गेलं पाहिजे. मुख्य केंद्र शिंगाडा तलावापाशी आहे, तुमच्या बाजूला जवळचं कोणतं ते पाहून ठेवा. पोलीस चौकीत वायरलेस असतो, मोबाइलचे टॉवर झोपले तरी तो चालतो. चौकीपर्यंत चालत जाता येत असेल तर तीही तुमच्या दारांपैकी एक समजा.

सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नका. घरात वाईट बोललं की वाईट होतं ही भीती त्यांच्या पिढीने जपलेली आहे, वाद घालून ती जाणार नाही. त्यांना वेगळ्या बाजूने घ्या. त्यांचं लहानपण जुन्या नाशकात गेलं म्हणता, तर १९६९ चा पूर त्यांनी पाहिला असेल किंवा घरात ऐकला तरी असेल. तेव्हा कुणाच्या घरी फोन होता? पाणी चढतंय हे वाड्यावाड्यांतून कसं कळलं, म्हाताऱ्यांना कुणी उचललं, लेकरं कुणाच्या माडीवर नेली, हे त्यांना विचारा आणि मुलाला शेजारी बसवून ऐकवा. कुणाच्या दारात जायचं हे त्या वेळी घरातल्या पोरासोरांनाही माहीत असे. ती यादी आज या घरासाठी सासूबाईंनीच करावी असं म्हणा. कागद देवघराजवळ लावायचा की दारामागे, तेही त्यांनाच ठरवू द्या. आणि नवऱ्याला समजावत बसण्यापेक्षा काम द्या. इन्व्हर्टर, पॉवर बँक, दोन टॉर्च, गेटचा नंबर आणि सासऱ्यांना जिन्यावरून खाली आणायची रीत. खुर्चीत बसवून दोघांनी उचलायचं, हे त्याने आणि शेजाऱ्याने एकदा करून पाहावं. रात्रपाळीच्या आठवड्यात तो घरी नसतो, म्हणून हे त्याच्या हातून आधी झालेलं असलं पाहिजे.

सायखेड्याचा प्रश्न वेगळा आहे. दुखणं अचानक येतं, पूर मात्र सांगून येतो. गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी आधी नाशकात दिसतं आणि मग काही तासांनी खाली जातं. त्यात दारणा नदीचं पाणी मिसळतं, पुढे नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याचा फुगवटा, म्हणून सायखेडा-चांदोरीला पाणी चढतं. २०१६ आणि २०१९ च्या पुरात काय झालं हे तुमच्या आईने डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा हातातल्या काही तासांचा उपयोग करायचा, आणि त्यासाठी फोनवर अवलंबून राहायचं नाही. आईशी आधीच बोली करून ठेवा. नाशकात गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पुराची पातळी मोजतात, तिच्या कमरेला पाणी लागल्याची बातमी आली, किंवा गावात ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सूचना झाली, की तिने कुणाच्या फोनची वाट न बघता पिशवी उचलायची आणि उंचावरच्या ठरलेल्या घरी जायचं. कोणतं घर, हे त्या घरच्यांशी बोलून पक्कं करा. पिशवीत औषधं, कागदपत्रं प्लास्टिकमध्ये, टॉर्च, सेलवरचा छोटा रेडिओ, थोडे रोख पैसे. आकाशवाणीच्या बातम्यांना मोबाइलचा टॉवर लागत नाही. पोलीस पाटलांना आणि शेजारच्या एका तरुण पोराला सांगून ठेवा की आई एकटी असते. गावात ग्रामसुरक्षा यंत्रणा, म्हणजे एका कॉलवर सगळ्या गावाला निरोप देणारी सोय, असेल तर आईचा नंबर तिच्यात नोंदवलाय ना, ते बघा. तीही फोनवरच चालते, पण पाणी चढायच्या आधी निरोप पोचवायला उपयोगी पडते.

याच्या जोडीला तुमच्या बाजूनेही एक बोली हवी. आईचा फोन लागत नाही म्हणून तुम्ही दोघांनी भर पावसात गाडी काढून पुलावर जायचं नाही. फोन बंद म्हणजे आई ठरलेल्या घरी गेली असं धरायचं. पूर ओसरेपर्यंत हे जड जाईल हे मी समजू शकते. म्हणून निरोपासाठी बाहेरगावचं एक माणूस मधे ठेवा, पुण्यातला भाऊ किंवा ठाण्यातली बहीण. आपल्या भागात फोनच्या लाइनी तुंबलेल्या असताना बाहेरगावी एखादा मेसेज निघून जातो. आईने, तुम्ही, नवऱ्याने, सगळ्यांनी त्यालाच कळवायचं आणि त्याच्याकडूनच एकमेकांचं कळून घ्यायचं. २०२७ च्या सिंहस्थातही हीच सोय कामाला येईल. पर्वणीच्या गर्दीत टॉवर चालू असून फोन लागत नाही असं होतं, तेव्हा चुकामूक झाली तर कुठे भेटायचं हे घरातून निघतानाच ठरवा.

दुकानात उपग्रह फोनबद्दल कुणी सुचवलं तर नादी लागू नका. परवान्याशिवाय तो बाळगणं आपल्याकडे बेकायदा आहे.

मुलाबद्दल दोन शब्द. तेरा वर्षांच्या पोराने त्या रात्री जे केलं ते मोठ्यांनाही सुचलं नसतं. त्याला तसं म्हणा, आणि पुढे त्याचं काम काय ते त्याच्याशी बोलून नक्की करा. आजोबांपाशी कुणी थांबायचं, खाली कुणी जायचं, जिन्यात टॉर्च कुणी धरायचा. तुमचा, बाबांचा आणि मामाचा नंबर त्याला तोंडपाठ हवा. गॅस आणि मेन स्विच कसा बंद करायचा ते येऊ द्या. त्याच्या वयाला जेवढं झेपतं तेवढंच द्या, आजोबांना सावरायची जबाबदारी त्याच्यावर टाकू नका.

मृग लागायच्या आधी, नवऱ्याची दिवसपाळी असताना, एका संध्याकाळी सगळे फोन कपाटात ठेवा, मेन स्विच बंद करा आणि सासऱ्यांना बरं वाटत नाही असं धरून एकदा सगळं करून बघा. यंत्र कुठे होतं, टॉर्च लागला का, पहिलं दार उघडायला किती वेळ लागला, रिक्षा खाली यायला किती. सासऱ्यांना आधी विश्वासात घ्या, त्यांना यात कमीपणा वाटू देऊ नका. कुठे अडलं ते कागदावर लिहा आणि मला कळवा. तुमच्या इमारतीत लिफ्ट आहे की नाही, जिना किती अरुंद आहे हे पत्रात नव्हतं. तेही लिहा, म्हणजे खुर्चीवरून आणायचं की चादरीवरून, हे नेमकं सांगता येईल.